एक्सएल

"बसला!" पूर्णिमा आरशासमोरून ओरडली. "नमू, आधी इकडे ये. बसला की नाही सांग."

नम्रता कणकेच्या हातांनी धावत आली. टॉप खरंच बसला होता. खांद्यावर नीट, छातीवर नीट, काखेत कुठे झोळ नाही. आईच्या जुन्या सुती साडीचा, बिनबाह्यांचा, साधा उन्हाळी टॉप. पॅटर्न इंटरनेटवरचा, फुकटातला. साडीला फॉल लावण्यापलीकडे नम्रतानं आजवर मशीनला हात लावला नव्हता, त्यामुळे गळा जरासा डावीकडे गेला होता. पण गळ्याकडे बघायला फुरसत कोणाला होती?

"कुठलं माप शिवलंस?"

"तू सांगितलंस तेच. एक्सएल."

पूर्णिमा पलंगावर बसली आणि चक्क रडायला लागली. मग नम्रताही रडली. कणकेचे हात नव्या टॉपला लागू नयेत म्हणून तिनं बहिणीला कोपरांनीच मिठी मारली.

केमो सुरू झाल्यापासून पूर्णिमा धाकट्या बहिणीकडे, बिबवेवाडीत राहत होती. मूळची चांगली भरलेली बाई. शाळेत भूगोल शिकवायची आणि रागावली की शेजारचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा. हिवाळ्यापासून ती आटत चालली होती. "अंगात ताकद राहिली तर पुढचे डोस देता येतील. खायला लागा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घास गिळायचा कशासाठी, हेच तिला कळेनासं झालं होतं. दवाखान्यात वजन करताना ती आकड्याकडे पाठ करून उभी राहायची. नर्सला म्हणायची, "आकडा तुमच्याकडेच ठेवा. मी घेऊन काय करू?" जुने कपडे अंगावर लोंबायला लागले, तर ते धुऊन धुऊन ढगळ झाले म्हणायची. नम्रतानं टेप काढली की हात झटकून टाकायची.

"माझं माप मला माहीत आहे. जन्मभर एक्सएल घालतेय. आली मोठी शिंपीण!"

म्हणून नम्रतानं माप न घेताच टॉप शिवला होता. आणि तो बसला होता. नवा शिवलेला कपडा कशाला खोटं बोलेल? ताई भरत होती, दुसरं काय!

त्या दिवसापासून घराची कळाच बदलली. पूर्णिमानं दुपारी पोळी मागून घेतली. मग मंडईतले आंबे आले, रस झाला, आणि रसात मिरपूड कमी आहे म्हणून नम्रताला बोलणी बसली. ती बोलणी ऐकून नम्रताला इतका आनंद झाला की तिनं दुसऱ्या दिवशी मुद्दाम मिरपूड घातलीच नाही. संध्याकाळी नवा टॉप घालून पूर्णिमा खाली बाकावर जाऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "परत एक्सएलवर आले हो मी!"

दुसरा टॉप शिवायला घेतला तेव्हा त्याच पॅटर्नचे सुटलेले कागद तिनंच चिकटपट्टीनं पुन्हा जोडले. तो मात्र खांद्यावरून जरा घसरत होता. "कापड ढिलं आहे," पूर्णिमा म्हणाली. "आईनं ही साडी फार वापरली. पुढचा चांगल्या कापडाचा शिव."

पुढच्या टॉपसाठी तिनं स्वतः मोबाइलवर नवा पॅटर्न निवडला, बंद गळ्याचा. तो छापून घ्यायला नम्रता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आली. मागच्या पॅटर्नचं पहिलं पान तिनं सोबत आणलं होतं, असंच हवं म्हणून दाखवायला.

दुकानदार एजाजनं ते पान हातात घेतलं आणि त्याचा चेहरा पडला. पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन होता. नम्रता इतके दिवस त्याला नक्षी समजत होती. एजाजनं त्यावर पट्टी ठेवली.

"मॅडम, हा चौकोन दहा सेंटिमीटरचा यायला पाहिजे. साडेआठच आलाय. माझीच चूक. मागच्या वेळी मी कागदात मावेल असं काढलं, त्यात सगळंच लहान झालं." तो ओशाळला. "कपडा अंगात शिरलाच नसेल ना?"

"शिरला," नम्रता म्हणाली. "छान बसला."

आणि बोलता बोलताच तिला सगळं कळलं. तिनं काउंटर धरला. ते एक्सएल नव्हतंच. कॉलेजच्या मुलीला बसावा तेवढा तो टॉप होता, आणि त्यात तिची धिप्पाड बहीण मावली होती. पोळी, रस, सगळं खाऊनही ती आटतच होती. आणि आता तेवढासाच दुसरा टॉपही तिच्या खांद्यावरून घसरायला लागला होता. नम्रताला तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मोठ्यानं रडावंसं वाटलं.

फोन वाजला. ताईचाच.

"झालं का छापून? चिकटपट्टी घेऊन बसलेय मी. आणि येताना आंबे आण गं, संपवले मी." मागे वाटी खरवडल्याचा आवाज येत होता.

"आणते," नम्रता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

एजाजनं मशीनमध्ये नवे कागद भरले होते. "आता एकदम बरोबर मापात काढतो, मॅडम. मागचंही परत काढून देऊ?"

नम्रतानं पदरानं डोळे पुसले.

"बरोबर नको," ती म्हणाली. "मागच्याहून आणखी थोडं लहान काढा. तिला एक्सएल बसला पाहिजे."