पाळीची वाट

"आली का?" नवऱ्याने बूट काढता काढता विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि गणवेशाच्या कॉलरी उलटवत राहिली. कारखान्यातलं उरलेलं शिवणकाम ती घरी आणायची.

गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या तेव्हा हाच प्रश्न तो हसत, हळूच विचारायचा. तेव्हा 'नाही' म्हटलं की दोघांचे डोळे चमकायचे. मग घरी चाचणी केली, काहीच निघालं नाही. पुन्हा केली, तरी तेच. महिने उलटले. पाळीही नाही, दिवसही नाहीत. आता 'नाही' म्हणजे नुसतं 'नाही' उरलं होतं.

सासू कामावरून आली आणि भिंतीला टेकूनच बसली. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी उपसायचं तिचं काम. सासऱ्यांनी न बोलता पाणी आणून दिलं.

"हा काय रोज 'आली का, आली का' करतो? बस यायचीय का?" ती मुलावर करवादली. मग सुनेला म्हणाली, "मी तर हा झाल्यापासून गोळ्याच घेत आले. यंदा कंटाळून सोडल्या. तेव्हापासून पाळी गेली ती गेलीच. म्हटलं, चला, वय झालं, सुटलो."

सुनेचा हात थांबला. "म्हणजे माझीही गेलीच असेल?"

"वेडी की काय! मी चाळिशी केव्हाच ओलांडली. तुझं अजून सगळं व्हायचंय. उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गोळ्यांमुळे मूल होण्याची शक्ती जात नाही," त्या म्हणाल्या. "सोडल्यावर पाळी रुळावर यायला काहींना वेळ लागतो, एवढंच. पण बरेच महिने झालेत, तेव्हा तपासून घेऊ. आणि एक, पाळी परत यायच्या आधीसुद्धा दिवस राहू शकतात. म्हणून पहिल्यांदा लघवीची चाचणी."

सासू उठली आणि तिचा तोल गेला. तिने टेबल धरलं.

"काही नाही हो. दिवसभर वाफेत उभं राहायचं, डोकं गरगरतं."

डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढून पाहिली. पाळीचं विचारलं. "तुमचीही तपासणी करून टाकू. साखर, रक्त, लघवी, सगळंच."

"माझी कशाला?" सासू पुटपुटली, पण तिला वाद घालायचंही त्राण नव्हतं.

नमुने देऊन दोघी बाहेर बाकावर बसल्या. समोर एक बाई पोट धरून येरझाऱ्या घालत होती. सुनेने मान फिरवली.

"आई, नाहीच झालं तर?"

"नाही तर नाही. मी सून आणलीय, पाळणा नाही आणला." सासूने डोळे मिटले. "आणि खरं सांगू? नातवंडाला कडेवर घ्यायचं म्हटलं तरी आता अंगावर काटा येतो. पाय उचलत नाही गं माझा."

सुनेने सासूचा हात नुसता हातात घेतला.

थोड्या वेळाने परिचारिका आली आणि त्यांच्यासमोर वाकून हळू आवाजात म्हणाली, "चाचणी आली. दिवस राहिलेत. आता जड उचलायचं नाही, धावपळ करायची नाही. बाई आत सगळं नीट सांगतीलच."

सासूने सुनेला जवळ ओढलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या महिन्यांचं साठलेलं रडू सुनेला एकदम आलं. सासूच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ऐकलंस ना? उद्यापासून बादलीला हात लावशील तर बघ! सगळं मी करीन. मी आहे अजून धडधाकट."

परिचारिका अडखळली. तिने एकदा सुनेकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"आई," ती म्हणाली, "मी तुम्हालाच सांगत होते."