गुरुजींची झोप

“तीनशे एक्केचाळीस वेळा,” डॉक्टर म्हणाले. “काल एका रात्रीत तुमचे मालक एवढ्या वेळा जागे झाले.”

कौसल्याबाईंना आधी हसूच आलं. ज्याच्या घोरण्यानं मंठा गावातली अर्धी आळी कूस बदलत पडते, तो माणूस म्हणे जागा! धर्मराज गुरुजी तर शेजारच्या खुर्चीत, हनुवटी छातीला टेकवून, आत्ताही डुलक्या घेत होते. सकाळचे दहा वाजले होते. रात्रभर डोक्याला वायरी चिकटवून दवाखान्याच्या खाटेवर झोपलेला माणूस उठून तास झाला नाही तोच पुन्हा पेंगत होता.

“मशीन बिघडलं असंल, साहेब. ते रातभर घोरत व्हते. म्या बाहीर बाकड्यावर बसून ऐकून राह्यले व्हते.”

“आणि मधेमधे घोरणं एकदम थांबत होतं ना?”

“थांबायचं. म्हनलं, आता निवांत झोपले.”

“तेव्हा त्यांचा श्वास बंद असायचा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टेबलावर लांबलचक कागद पसरला. “ही खालची रेघ श्वासाची. इथे बघा, अर्धं मिनिट सपाट. श्वासच नाही. ही वरची रेघ मेंदूची. श्वास मिळेना म्हणून मेंदू दचकून जागा होतो, हवा ओढायला लावतो आणि लगेच पुन्हा झोपतो. झोपलेल्याला पत्तासुद्धा लागत नाही. रात्रभर हेच.”

मग त्यांनी दुसऱ्याच कुणाचा तरी कागद शेजारी ठेवला. त्यावरच्या मेंदूच्या रेघा मोठमोठ्या होत्या, सावकाश चढत आणि सावकाश उतरत होत्या.

“ही गाढ झोप. गुरुजींच्या कागदावर ही मला वीतभरही सापडली नाही.”

कौसल्याबाई खुर्चीवरून उठल्या. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत वाकून बघू लागल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण या रेघा कळायला शाळेत जावं लागत नव्हतं. बारीक, घाईघाईच्या, थरथरणाऱ्या रेघा. संथ अशी एकही नाही.

“कवापासून असंल हे?”

“घोरणं कधीपासून आहे?”

“बारा वर्सं झाले.”

“मग साधारण तेव्हापासूनच.”

बारा वर्षं! सकाळी उठल्यावर लालभडक डोळे, जड डोकं, कोरडं तोंड, उगाचची चिडचिड. वर्गात फळ्याकडे वळून उभ्याउभ्या पेंगणं. आणि या बाईनं बारा वर्षं काय केलं, तर दारूची बाटली शोधली. कडब्याच्या गंजीत हात घातला, कणगी उपसली, नवऱ्याच्या पिशव्या उलट्या केल्या. तोंडाला कधी वास आला नाही, बाटली कधी सापडली नाही. तरी बाईंचा निकाल ठरलेला, की गडी लपवण्यात हुशार आहे.

“शाळेकडून चौकशी लागली आहे म्हणालात ना काल?” डॉक्टर म्हणाले. “नोकरी जायची वेळ आली आहे म्हणे. हा रिपोर्ट घेऊन जा. हा आजार आहे, याच्यावर उपाय आहे. त्यांना पिणारा कोण म्हणालं? त्या माणसाला आधी हा कागद दाखवा.”

कौसल्याबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

“म्याच म्हनले, साहेब.”

डॉक्टरांनी पुढे केलेला कागद पुन्हा टेबलावर ठेवला.

“चौकशीचे सायब घरी आल्ते. हे शाळेत गेल्ते. म्या म्हनलं, रोज पितेत. बिलकुल सोडत न्हाईत. त्यांनी लिहून घेतलं, म्या अंगठा दिला. म्हनलं, नोकरीची भीती बसंल, मंग सुटंल.” त्यांनी पेंगणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. “दुसरं कुनी बी असं बोललं न्हाई. सगळी चौकशी माझ्याच अंगठ्यावर चालू हाय. अन् ह्यांना अजून ठावं न्हाई.”

“ठावं हाय,” गुरुजी म्हणाले.

ते कधी जागे झाले होते कोण जाणे. डोळे लालच होते, पण रागाचा त्यात मागमूस नव्हता.

“सायबांनी मागल्या महिन्यातच वाचून दाखवलं मला. इचारलं, हे कबूल हाय का.”

“मंग? तुम्ही न्हाई म्हनले ना? अवो, तुम्ही तर कधी थेंब बी...”

गुरुजींनी तळहातांनी डोळे चोळले.

“कबूल म्हनून खाली सही केली म्या. म्हनलं, आपल्याला काय व्हऊन राह्यलं ते आपल्याला कळंना. हिला तरी कळत असंल.”