ट्रक विकायला काढला तेव्हा

"टॉर्च जरा इकडे धरा," दातांचा डॉक्टर म्हणाला, आणि तिच्या नवऱ्याने लगेच टॉर्च धरला. एका हाकेत! या घरात हा माणूस एका हाकेत कशालाही उठल्याचं तिला आठवत नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ट्रक उघडून ठेवला होता. रिमोटवर चालणारा, पण त्याला खेळणं म्हटलेलं नवऱ्याला खपत नसे. आत खरं इंजिन, खरं इंधन, खरा धूर. तो विकत घ्यायला आलेला डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून, पेशंटच्या तोंडात बघावं तसा आत बघत होता. सासू सोफ्यावर बसली होती. ती स्वतः दाराला टेकून उभी होती, आणि तिची बॅग अजून पॅसेजमध्येच होती.

सकाळीच ती बहिणीकडून परत आली होती. नवरा फोनवर म्हणाला होता, "तुझ्यापुढे तो ट्रक काय मोठा? विकून टाकतो. ये तू." ती घर सोडून गेली होती ती काही उगाच नाही. पोटाचं ऑपरेशन झालेलं, घरी सोडायचा दिवस, आणि न्यायला येणारा हा गृहस्थ आलाच नाही. फोन उचलेना. टाके सांभाळत ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिली. दुपार कलली तेव्हा एका नर्सला दया आली आणि तिने टॅक्सी बोलावून दिली. "अगं, डोक्यातूनच गेलं बघ!" एवढंच नवरा म्हणाला. सासूने री ओढली, "लहानपणापासूनच विसरभोळा आहे गं. मनात काही नसतं बिचाऱ्याच्या."

बहिणीकडे राहून तिने स्वतःची हीच समजूत घातली होती. विसरभोळा आहे, वाईट नाही. बहीण चिडून म्हणाली, "त्याचं काय कौतुक सांगतेस मला?" तर तिच्याशीही भांडून ती आली होती. विसरभोळ्या माणसाबरोबर संसार होतो. आपण आठवण करून द्यायची, झालं.

"एअर फिल्टर तर नवाच दिसतोय," डॉक्टर म्हणाला.

"नवा कुठला! दर वेळी धुतो. वाळवायचा, तेल लावायचं, मग बसवायचा. आत धूळ गेली की इंजिन संपलंच."

दर वेळी! स्वतःचा चहाचा कप सिंकपर्यंत न्यायचं ज्याला सुचत नाही, तो हा. तिच्या कपाळावर आठी चढली.

डॉक्टरने इंजिन हाताने फिरवून पाहिलं. एका जागी ते घट्ट अडलं, तसा तो खूश झाला. "दम आहे हो अजून. झिजलेलं इंजिन असं अडत नाही, सैल फिरतं."

"कधी तापूच दिलं नाही ना. आवाज जरा बारीक झाला की मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कळतं. तिथल्या तिथे थांबवतो."

सासू कौतुकाने हसली. तिला मात्र हसू येईना. टॅक्सीने घरी आली त्या संध्याकाळी तिने पलंगावरून पाण्यासाठी हाका मारल्या होत्या. मध्ये फक्त एक भिंत होती. "आलो, आलो," म्हणत हा बाल्कनीतच बसून राहिला. शेवटी तीच भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली होती. दुसऱ्या टोकाचं ऐकू येतं म्हणे!

डॉक्टरने गिअर पाहिले, एकेक स्क्रू हलवून पाहिला, टाकीला नाक लावलं. कुठेच काही सापडेना. "शेवटचा कधी चालवला होता?" त्याने विचारलं.

नवरा आता चांगलाच रंगात आला होता. "हिला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं ना, त्याच दिवशी. सकाळी म्हटलं, एकदा ही घरी आली की महिनाभर काही मैदान दिसायचं नाही. तेव्हा आजच हौस भागवून घेऊ. पण दमून आलो म्हणून टाळाटाळ नाही केली हं! उरलेलं इंधन जाळून टाकलं, इंजिनात तेलाचे थेंब सोडले, बेअरिंग पुसून काढली. सगळी संध्याकाळ बाल्कनीत त्यातच गेली. हे उद्यावर टाकून चालत नाही, डॉक्टर. आतून गंज धरतो."

डॉक्टरचा हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि घाईने मान खाली घातली. बहिणीला ती काय काय बोलून आली होती! कुणासाठी? नवऱ्याला मात्र आपण काय बोलून गेलो याचा पत्ताच नव्हता. तो कव्हरवरचा एक डाग बोटाने पुसत होता.

"घेतो मी," डॉक्टर हळूच म्हणाला. पैसे ठेवून, ट्रक उचलून, चहालाही न थांबता तो निघून गेला.

"बघ, दिला की नाही?" नवरा हात झटकत म्हणाला. "आता तरी खूश?"

तिने पॅसेजमध्ये जाऊन बॅग खांद्याला लावली. सासू लगबगीने मागोमाग आली. "अगं, हे काय आता? एवढा जिवापाड जपलेला ट्रक विकला त्याने तुझ्यासाठी. एक दिवस विसरला बिचारा, त्याचा किती राग धरायचा?"

"विसरला असता ना आई," ती चपला घालत म्हणाली, "तर मी राहिले असते."