याकूबचा कोपरा

संजयने मखमली पडदा बाजूला ओढला आणि टाळ्या पडल्या. भिंतीवर गिटार घेतलेल्या याकूबचा मोठा फोटो होता आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत ‘याकूब्स कॉर्नर’. बर दुबईतल्या त्या हॉटेलचं नव्याने सजवलेलं लाउंज आज दुपारी पुन्हा सुरू होत होतं. याकूबला जाऊन तेव्हा सहा महिने होत आले होते.

साधना पुढच्याच रांगेत बसली होती. ती एका ऑफिसात सेक्रेटरी, पण गुरुवार-शुक्रवारी याच लाउंजमध्ये याकूबच्या गिटारबरोबर गायची. शेजारी त्याची बायको शहनाझ होती. हॉटेलने तिकीट पाठवून तिला मिरजेहून आणलं होतं. नवरा दुबईत आणि ती तिकडे मुलीला, सासू-सासऱ्यांना सांभाळत, असाच सगळा संसार झाला होता. तो जिथे वाजवायचा ती जागा ती आज पहिल्यांदा पाहत होती.

“लेजंड होते ते,” मॅनेजर संजय माइकवर म्हणाला. “ब्लूज म्हणा, सोल म्हणा, अख्ख्या गल्फमध्ये असा हात नव्हता. आमच्या फॅमिलीतला माणूस.”

वेटर ट्रे फिरवू लागले. ग्लासांत निळी दारू होती आणि तिचं नाव ठेवलं होतं ‘याकूब ब्लू’. याकूब आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. साधनाने ट्रे हाताने परत लोटला.

“आता त्यांचीच गिटार ऐकू या,” संजय म्हणाला आणि स्पीकर सुरू झाले.

पहिल्या दोन सुरांतच साधनाने ओळखलं. ही ती सीडी होती.

शेवटच्या वर्षी संजयने याकूबच्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून टाकली होती. त्याचं वाजवणं ऐकून गेस्ट उदास होतात म्हणे. बाजारातून कुणा परक्याच्या गुळगुळीत गिटारची सीडी आणली, ती लावायची आणि याकूबने समोर उभं राहून नुसती बोटं फिरवायची. साधनाने महिन्याभरात गाणं सोडलं. तिचा व्हिसा नवऱ्याच्या कंपनीचा होता. याकूबचा व्हिसा हॉटेलचा होता, नोकरी सोडली तर देशही सोडावा लागला असता. तो रोज सूट घालून यायचा, मुकी गिटार गळ्यात अडकवायचा आणि लोक जेवायचे.

शहनाझने तिचा हात घट्ट धरला. “हे त्यांचंच ना, साधनाताई?”

तिचे डोळे भरून आले होते. समोर संजय डोळे मिटून ठेक्यावर मान हलवत होता. याला माहीत आहे, की हा विसरून गेलाय? साधनाला कळेना. यातलं जास्त किळसवाणं कोणतं, तेही कळेना.

“हो,” ती म्हणाली. “त्यांचंच.”

कार्यक्रम संपल्यावर संजयने तीच सीडी सोनेरी रिबीन बांधून शहनाझच्या हातात दिली. फोटोग्राफरसाठी ती पुन्हा एकदा घ्यायला लावली. साधनाने त्याला बाजूला गाठलं.

“संजय, ही कुठली सीडी आहे, तुला माहितीय.”

“अगं, कुणाला कळतंय?” तो हळूच म्हणाला. “भाभी खूश आहेत ना? खलास.” त्याच्या तोंडाला त्या निळ्या दारूचा गोड वास येत होता. मग तिच्या खांद्यावर थोपटून तो दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला.

शहनाझ खाडीपलीकडे देऱ्याला एका नातलगाकडे उतरली होती, म्हणून दोघी अब्र्याने, तिथल्या इंजिनाच्या नावेने, खाडी ओलांडायला निघाल्या. नाव भरली, सुटली. शहनाझने पर्समधून सीडी काढली आणि ओढणीने पुसली.

“मुलगी मला नेहमी विचारते,” ती म्हणाली. “अब्बा वाजवायचे म्हणजे नेमकं कसं वाजवायचे? सुट्टीवर आले की गिटारला हात लावायचे नाहीत ना. म्हणायचे, इथे मला झोपू दे. आता तिला ऐकवता येईल.”

साधनाला वाटलं, त्या निळ्या दारूचा घोट आपणच घेतलाय आणि तो अजून घशात चिकटून आहे.

“भाभी,” ती म्हणाली, “मी मघाशी खोटं बोलले. ते याकूबभाई नाहीत. दुसराच कुणीतरी आहे.” आणि वायरीपासून सगळं सांगून टाकलं.

शहनाझने सीडी परत पर्समध्ये टाकली.

“मग त्यांचं कुठे आहे?” तिने विचारलं.

कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांत याकूबचं वाजवणं रेकॉर्ड करावं असं कुणाला वाटलं नव्हतं. साधनालाही नाही.

“कुठेच नाही,” ती म्हणाली. “माझ्या कानात आहे तेवढंच.”

“मग म्हणून दाखवा.”

साधनाने तोंड उघडलं, तर ओठांवर आधी सीडीचीच धून आली. तिने ती तिथेच थांबवली, खाडीत थुंकली आणि पुन्हा सुरुवात केली. याकूब तार ओढत सुरापर्यंत न्यायचा आणि केसभर अलीकडेच थांबायचा. ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा. तसंच ती तोंडाने गिटार वाजवत गेली. समोरच्या बाकावरचे दोन पठाण तिच्याकडे टकामका पाहू लागले. त्यांच्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

इंजिन धडधडत होतं. त्या आवाजात अर्धंअधिक वाहून जात होतं. शहनाझ पुढे वाकली आणि साधनाच्या ओठांकडे एकटक बघत राहिली, ऐकू न येणारी माणसं बघतात तशी.