रंभाचा आवाज

रंभा नवऱ्यासमोर कधी गायली नव्हती. पंच्याहत्तर साली रामहरीनं शहरातल्या सात रस्ता चौकातून टेपरेकॉर्डर आणला आणि माईक जात्यापाशी नीट लावून दिला. तरी ती म्हणाली, "तुमी भाईर जावा की, मग म्हणते." बटणं दाबून तो ओट्यावर जाऊन बसला.

ती गेल्यावर वर्षभर तो एकटाच त्या ओव्या ऐकत होता. तिचा तेवढाच आवाज घरात उरला होता. वर्षश्राद्धाला जुनी शेजारीण दगडाबाई टेंभुर्णीहून आली, तेव्हा जेवणं झाल्यावर त्यानं तिलाही कॅसेट लावून दाखवली. ऐकता ऐकता तिनं डोळ्याला पदर लावला.


"लई लाजाळू हुती बगा, भावजी. तुमी भाईर गेल्यावर मागल्या दारानं बोलवून माईकम्होरं मलाच बसवलं तिनं."