खाणीतला पक्षी

जवळ सरका मायबाप, एक गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण जीव लावून ऐका.

नावड्याचा मिथुन केमिकल कंपनीत सुपरवायझर. दुसऱ्या दिवशी टाकी साफ करायची होती आणि गॅस तपासायचं मशीन बंद पडलं होतं. साहेब म्हणाले, "मशीनची वाट बघत बसू नको. आधी ठेकेदाराच्या मजुराला, त्या गोटीरामला, टाकीत उतरव. त्याला काही झालं नाही, की मग बाकीचे."

संध्याकाळी जेवताना लेक उन्नती शाळेतलं सांगत होती. बाईंनी आज एका इंग्रजी म्हणीची जन्मकथा सांगितली होती. "पप्पा, तिकडे कोळशाच्या खाणीत माणसं पिंजऱ्यातला पक्षी घेऊन उतरायची. पक्षी पडला, की हवा विषारी आहे समजायचं आणि पळत सुटायचं. म्हणून धोक्याची पहिली खूण दिसली, की इंग्रज अजून त्या पक्ष्याचं नाव घेतात."

"बेस हाय गो," मिथुन कसाबसा हसला.

"काय बेस? त्या पक्ष्याला कुणी विचारलं होतं का?"

मिथुनने ताट बाजूला सारलं. हे पाप आपल्या हातून नको, म्हणून सकाळी त्याने तापाचं निमित्त करून सुट्टी टाकली, गावदेवीपुढे नारळ फोडला. गोटीरामला फोन तेवढा केला नाही.

दुपारी साहेबांचाच फोन आला.


"टेन्शन घेऊ नको रे. बरं झालं, गोटीरामला आधी उतरवलं. बाकीचे सगळे वाचले."


मायबाप, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या गोटीरामची आठवण ठेवा.