ओट्याचं माप

“बोला वस्ताद, कुठलं माप घेऊ?” फरशीवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

ओट्यावर दोन कागद पसरले होते, एक गॅसच्या शेगडीचा आणि एक इंडक्शनचा. दोन्हींची मापं वेगळी. जे ठरेल त्या मापाचं भोक ग्रॅनाइटमध्ये पाडायचं होतं. एकदा कापलं की कापलं, दगडाला ठिगळ लागत नाही.

आचारी खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

“इंडक्शन,” तो म्हणाला.

“का पण? मला कळू तरी दे,” बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पंचवीस वर्षं मी काय ऐकलं? जाळ दिसल्याशिवाय स्वयंपाक होतो का! माझ्या बहिणीनं इंडक्शन घेतलं तेव्हा तिच्या तोंडावर काय म्हणालात? भात शिजलाय खरा, पण त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही!”

फरशीवाला खदखदून हसला. आचाऱ्यालाही एरवी हसू आलं असतं.

“पुसायला सोपं पडतं,” तो म्हणाला.

“पुसणार कोण? तुम्ही?”

खरं कारण सांगायची सोय नव्हती. तीन महिन्यांपूर्वी आलेला ताप चार दिवसांत गेला, पण जाताना त्याचं नाक घेऊन गेला. फोडणी असो, साबण असो की गटार, त्याला कशाचाच वास येत नव्हता. कढईच्या वाफेवरून मीठ सांगणारा म्हणून हॉटेलात त्याचा मान होता. तोच आता खिशात चमचा बाळगायचा आणि सगळं मोजून घालायचा. गंमत म्हणजे मालक खूश होता. चव रोज सारखी येते म्हणे! पण नाक गेल्याचं कळलं असतं तर त्याच मालकानं त्याला घरी बसवायला आठवडा लावला नसता.

घरीही त्यानं सांगितलं नव्हतं. बायकोच्या पोटात काही राहत नाही, असं तो स्वतःला समजावायचा. खरी गोष्ट अशी की तिच्यापुढे लहान व्हायला त्याला भीती वाटत होती.

“गॅसचंच माप घ्या हो भाऊ,” बायको म्हणाली. “यांचं आज डोकं ठिकाणावर नाही.” जुन्या चादरी काखेत मारून ती बाहेरच्या खोलीत सामान झाकायला गेली. धूळ नको म्हणून जाताना दार ओढून घेतलं.

फरशीवाल्यानं नाकातोंडावर ओलं फडकं आवळून बांधलं. सकाळीच ओट्यावरून उतरवलेली जुनी शेगडी खाली जमिनीवर होती, नळी अजून सिलिंडरला जोडलेलीच. ती त्यानं पायानं कोपऱ्यात सारली आणि पाण्याची बादली तिच्यापुढे सरकवली. शेगडीचं सैल झालेलं बटण बादलीला घासून फिरलं. ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

“खुणा करू ना?” फडक्याआडून आवाज आला.

“कर. नाही, थांब जरा.”

आचारी दारापर्यंत गेला. सांगून टाकावं, एका वाक्याचं तर काम आहे. त्यानं कडीला हात लावला. पलीकडून बायको कपाट सरकवत होती, ते फरशीवर करकरत होतं. त्यानं हात मागे घेतला. पुन्हा ओट्यापाशी आला, शेगडीपासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि नखानं कागदाचा कोपरा कुरतडू लागला. पाच मिनिटं झाली. फरशीवाल्यानं न थांबता गॅसच्या मापाच्या खुणा करून टाकल्या.

“वस्ताद, मला पुढं अजून एक काम आहे.”

“बरं. काप.”

फरशीवाल्यानं कटरची वायर सोडवली आणि पिन बोर्डाकडे नेली.

दार धाडकन उघडलं. “थांबा! हात लावू नका कशाला!”

बायको सरळ सिलिंडरपाशी गेली आणि तिनं रेग्युलेटर बंद केला. मग खिडकी सताड उघडली, मागचं दार उघडलं. फरशीवाल्यानं फडकं खाली ओढलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“आई गं! वहिनी, मी फडकं बांधलं होतं. मला काही कळलंच नाही.”

“तुम्ही बांधलं होतंत,” ती म्हणाली. बघत मात्र होती नवऱ्याकडे.

“सर्दी झालीये,” आचारी म्हणाला.

“अहो.”

एवढंच म्हणाली ती. तो फरशांच्या खोक्यावर खाली बसला.

“तापापासून,” तो म्हणाला. “काहीच येत नाही वास.”

ती रडली नाही, ओरडलीही नाही. फरशीवाला उगाच बादली उचलून बाहेर घेऊन गेला. तिनं गॅसचा कागद ओट्यावरून काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि फरशीवाल्याला हाक मारून सांगितलं, “इंडक्शनचं कापा भाऊ. पण अर्ध्या तासानं. वास जाऊ दे आधी.”

आचाऱ्याला एकदम हलकं वाटलं. सुटलो, असंच वाटलं.

“हॉटेलात कुणाला बोलू नकोस हं,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिथं माझं चमच्यावर भागतंय.”

ती पदरानं गॅस बाहेर घालवत होती. तिचा हात थांबला.

“तिथं शेगड्या किती आहेत?”

“चौदा.”

“आणि सकाळी पहिली कोण पेटवतं?”

“मीच,” तो म्हणाला. “सगळे यायच्या आधी.”